दाम, दमडी आणि द्राख्मा



'दाम करी काम' ही म्हण वर्गात अर्थविस्तारासाठी किती वेळा दिली असेल, त्याची गणती नाही. मुलं ठरलेलं लिहायची. पैसा असला की सगळी कामं होतात, पण पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे, वगैरे वगैरे. हा 'दाम' शब्द आला कुठून, असं मात्र एकानेही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी अख्खा तास त्यावर आनंदाने घालवला असता. कारण उत्तर थेट ग्रीस देशात जाऊन पोचतं!

दाम, दमडी, छदाम, दामदुप्पट... या साऱ्या शब्दांची आजी म्हणजे ग्रीकांचं चांदीचं नाणं, द्राख्मा. ग्रीकांचा द्राख्मा संस्कृतात आला तेव्हा 'द्रम्म' झाला, प्राकृतात 'दम्म' झाला आणि मराठीत येईपर्यंत 'दाम' होऊन बसला. मोंढ्यावर हळद घेऊन गेलेला आपला शेतकरी "दाम काय फुटला?" असं विचारतो, तेव्हा तो नकळत अडीच हजार वर्षांपूर्वीचा अथेन्सच्या बाजारातला शब्द वापरत असतो. आमच्या गावाचं नाव हट्टा. संस्कृतात 'हट्ट' म्हणजे बाजार, आपला 'हाट' त्यातलाच. तेव्हा हट्ट्याच्या माणसाने दामाची चौकशी करावी हे तसं योग्यच!

आधी ग्रीकांकडे जाऊ. त्यांच्याकडे नाणी येण्याआधी म्हणे लोखंडाच्या सळया चालत, मांस भाजायच्या सळया असतात ना, तशा. सळईला त्यांचा शब्द 'ओबेलोस'. अशा सहा सळया एका मुठीत मावत. 'मुठीत धरणे' या अर्थाच्या धातूवरून त्या मूठभर सळयांना नाव पडलं द्राख्मा. अर्गोस गावाजवळच्या हेरा देवीच्या देवळात अशा सळयांची जुडी खोदकामात सापडलीसुद्धा आहे. पुढे चांदीची नाणी आली, सळया गेल्या, पण नावं तीच राहिली. लहान नाणं ते ओबोल, सहा ओबोलांचा एक द्राख्मा. शंभर द्राख्मांचा एक मिना आणि साठ मिनांचा, म्हणजे सहा हजार द्राख्मांचा, एक टॅलेंट. मिना आणि टॅलेंट ही नाणी नव्हेत, ती वजनं. आपल्याकडे गुंज, मासा, तोळा, शेर, मण असं कोष्टक पाठ करून घेत, तसलाच हा प्रकार. 'स्टॅटर' नावाचं आणखी एक नाणं होतं, त्याचा अर्थच 'वजन'.

अथेन्सचा द्राख्मा साधारण ४.३ ग्रॅम चांदीचा. चार द्राख्मांचं मोठं नाणं १७ ग्रॅमच्या थोडं वर. आपण त्याला चौद्राख्मी म्हणू. त्याच्या एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड. लोक त्या नाण्याला सरळ 'घुबड'च म्हणत. एजिना बेटाच्या नाण्यावर कासव होतं म्हणून ते 'कासव', कॉरिंथच्या नाण्यावर पंखांचा घोडा म्हणून ते 'शिंगरू'. यात नवल वाटायला नको. आपल्याकडे राणीछाप रुपया, चारमिनारचा रुपया असंच म्हणत की. राजाचं लांबलचक नाव कोण घेत बसतो!

आता या चांदीची किंमत कशी समजावी? इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये एका मंदिराचं बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंडी-सुतारांना दिवसाला एक द्राख्मा मजुरी मिळे. न्यायसभेत पंच म्हणून बसणाऱ्या नागरिकाला दिवसाला तीन ओबोल, म्हणजे अर्धा द्राख्मा. आणि माणूस मेला की त्याच्या तोंडात एक ओबोल ठेवत, परलोकीच्या नदीवरच्या नावाड्याचं भाडं म्हणून. आपल्याकडे मृताच्या तोंडात तुळशीपत्र नि सोन्याचा मणी ठेवतात, ते आठवलं. माणसं सगळीकडे सारखीच हो.

तर असा हा द्राख्मा आपल्याकडे आला कसा? अलेक्झांडर इ. स. पूर्व ३२६ मध्ये पंजाबपर्यंत येऊन परत फिरला, एवढं आपण शाळेत शिकतो. पण त्याच्यामागून आलेले ग्रीक बाख्त्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागात, ठाण मांडून बसले. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात त्यांच्यातले काही राजे हिंदुकुश ओलांडून पंजाबात उतरले.

आपल्याकडे तेव्हा नाणी नव्हती असं मात्र समजू नका. आपली चांदीची आहत नाणी आधीपासून होती. चांदीच्या पत्र्याचे तुकडे, त्यावर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशी चिन्हं ठोकलेली. त्यांना कार्षापण म्हणत, प्राकृतात कहापण. पण त्यावर राजाचं नाव नाही, चेहरा नाही. ग्रीकांनी हे दोन्ही आणलं. एका बाजूला राजाचा मुखवटा नि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर प्राकृतात, खरोष्ठी लिपीत. घ्यायची गोष्ट म्हणजे, त्यांनी आपलीही रीत उचलली. नाणी चौकोनी पाडली, द्राख्माचं वजन इथल्या मापाला जुळवून अडीच ग्रॅमच्या आसपास आणलं. अपोलोडोटस राजाच्या चौकोनी नाण्यावर तर एका बाजूला हत्ती नि दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल आहे. अस्सल आपला बैल!

या राजांतला सगळ्यात नावाजलेला मिनँडर. ग्रीक अक्षरांत तो स्वतःला 'सोटेर' म्हणवतो, प्राकृतात 'त्रातार'. दोन्हीचा अर्थ एकच, रक्षण करणारा. आपण आजही 'त्राता' म्हणतोच. बौद्ध परंपरेत हाच राजा मिलिंद झाला. त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारले आणि त्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ झाला. मराठवाड्यातल्या माणसाला हे नाव परकं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं, आणि तो परिसर नागसेनवन. आमच्या पिढीतली कितीतरी खेड्यातली पोरं तिथे शिकून मोठी झाली. त्यांच्या कॉलेजच्या नावातला राजा ग्रीक होता आणि त्याचे द्राख्मे आजही वस्तुसंग्रहालयांत ठेवलेले आहेत.

या दुहेरी लिखाणाचा एक फायदा दोन हजार वर्षांनी झाला. १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप आणि त्याच्या सोबतचे अभ्यासक खरोष्ठी लिपीशी झगडत होते. एका बाजूचं ग्रीक वाचता येत होतं, त्यावरून दुसऱ्या बाजूची अक्षरं लागत गेली. हातातल्या छोट्याशा नाण्याने एक अख्खी लिपी वाचायला शिकवली!

आता पंजाबातून खाली आपल्याकडे येऊ. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने (किंवा व्यापाऱ्याने) तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात भडोच बंदराबद्दल तो सांगतो की, तिथे अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्राख्मे अजून चालतात. म्हणजे राजे जाऊन दीड-दोनशे वर्षं झाली तरी त्यांची चांदी बाजारात फिरतच होती. याच पुस्तकात आपलं पैठण आहे आणि तेरही (तगर) आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जात असे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा सवड काढून जाच. आपल्या मराठवाड्याचा व्यापार कुठवर पोचला होता ते डोळ्यांनी दिसतं.

एवढंच नाही, यवन माणसंही इथे होती. कार्ल्याच्या लेण्यात खांब देणारे यवन आहेत, जुन्नरला पाण्याची टाकी खोदून देणारा इरिल नावाचा यवन आहे, नाशिकच्या पांडवलेण्यात धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला 'योनक' म्हणवतो. 'यवन' हा शब्दच मुळात 'आयोनियन', म्हणजे ग्रीक, यावरून आलेला. त्याचा अर्थ पुढे बदलला, ती गोष्ट वेगळी.

आता या कथेतला सर्वात नाट्यमय भाग. जागा नाशिक जिल्ह्यातली जोगळटेंभी, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावरचं गाव. साल १९०६. तिथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला, थोडीथोडकी नव्हे, सुमारे १३,२५० नाणी! सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची. पुढच्या बाजूला राजाचा मुखवटा, मागच्या बाजूला बाण आणि वज्र. वजन दोन ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे ग्रीक मापाचीच परंपरा. म्हणून अभ्यासक त्यांना कोणी द्राख्मा म्हणतात, कोणी अर्धद्राख्मा.

या नाण्यांवर मजकूर तीन लिप्यांत आहे, ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक. पण गंमत बघा, ग्रीक अक्षरांतली भाषा ग्रीक नाही. 'राजा क्षहरात नहपानाचे' हाच आपल्याकडचा मजकूर ग्रीक अक्षरांत उतरवलेला आहे. आमची नातवंडं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात ना, "kasa aahes" च्या थाटात... तस्सं! (अक्षरं देवनागरीतच ठेवायची तर 'के ए एस ए' म्हणा.) पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर या ग्रीक अक्षरांचे नुसते वेलबुट्टीसारखे आकार उरले. वाचणारं कोणी राहिलं नाही, तरी कारागीर ती काढतच राहिले, कारण नाणं असंच दिसतं, असा लोकांचा समज पक्का होता.

आणि या नाण्याला लोक काय म्हणत? द्राख्मा नव्हे, कहापण! घडण आणि माप परक्याचं, नाव मात्र आपलं जुनंच. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्यात आहेत. त्यात हिशेब इतका चोख आहे की गणिताच्या तासाला फळ्यावर लिहावा. त्याने गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कहापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना त्यातून प्रत्येकी बारा कहापण कपड्यासाठी मिळायचे. करा बरं हिशेब. २,००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. पै न् पै जुळते! आणखी १,००० कहापण शेकडा पाऊण टक्क्याने, त्याचे वर्षाला ९०. त्याच लेखात सोन्याच्या नाण्याचा भावही दिला आहे, एका सुवर्णाला ३५ कहापण. त्या दराने ७०,००० कहापण म्हणजे २,००० सुवर्ण.

या नहपानाचा पाडाव केला तो आपल्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने. त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्याच तिसऱ्या लेण्यात लेख कोरवला आहे, त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचं कुळ नामशेष केल्याचं अभिमानाने सांगितलं आहे. पण लेखात तो क्षहरात कोण, त्याचं नाव नाही. त्यामुळे गौतमीपुत्राने हरवला तो नहपानच की त्याच्यामागून आलेला कोणी, याची खात्री होत नव्हती. उत्तर जोगळटेंभीच्या नाण्यांत होतं. तेरा हजारांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का वरून ठोकलेला होता! नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते.

त्याने ती नाणी वितळवली का नाहीत? वितळवायचं म्हटलं तर भट्टी, कोळसा, पुन्हा नव्याने तुकडे पाडणं आणि चांदीची घट. ठसा ठोकला की काम झालं. शिवाय जुना राजा गेला नि नवा आला, ही बातमी प्रत्येक बाजारात, प्रत्येक हातात आपोआप पोचली. दवंडीसुद्धा इतकी चांगली पिटता आली नसती. पुढे सातवाहनांनीही त्याच धर्तीची, राजाच्या मुखवट्याची चांदीची नाणी पाडली. शत्रू गेला, त्याच्या नाण्याचा घाट मात्र त्यांनी ठेवला.

मग 'द्रम्म' हे नाव आपल्याकडे रुळलं कधी? ते नंतर, आणि बरंचसं इराणच्या वाटेने. ग्रीक द्राख्माचा इराणात 'द्रह्म' झाला, अरबांकडे 'दिरहम' झाला. सासानी राजांची पातळ, पसरट चांदीची नाणी हूणांच्या मागोमाग पश्चिम भारतात आली आणि इथे त्यांच्या नकला होऊ लागल्या. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल... करता करता राजाचा चेहरा म्हणजे नुसत्या रेघा आणि ठिपके उरले, आणि इराणी अग्निवेदी म्हणजे आडव्या काड्यांची चवड झाली. या नाण्यांना आपण गधैया म्हणतो. कोकणच्या शिलाहार छित्तराजाच्या नावाचीही अशी नाणी आहेत. या काळातल्या लेखांत, शिलाहारांच्या असोत की यादवांच्या, 'द्रम्म' हा शब्द सर्रास येतो. आमच्यापासून जवळच असलेलं औंढा नागनाथाचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. तसली देवळं उभी राहिली त्या काळात मजुरी, दान, दंड हे सगळं द्रम्मांत मोजलं जात होतं.

गणिताच्या शिक्षकांना तर द्रम्म भास्कराचार्यांनी भेटवलेला आहे. इ. स. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'च्या सुरुवातीलाच कोष्टक आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्माला १,२८० कवड्या. त्यात एका कंजूष माणसाचं उदाहरण आहे. भिकाऱ्याने मागितलं तेव्हा त्याने दिलं किती? तर अर्ध्या द्रम्माच्या दोन तृतीयांशाचा पाऊण भाग, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा आणि त्याचा पुन्हा चौथा! ऐकताना वाटतं काय दानशूर आहे. सोडवत गेलं की येतो १/१२८० द्रम्म, म्हणजे एक कवडी! चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. आठशे वर्षांपूर्वी तिथल्या कोणा विद्यार्थ्याने हेच गणित सोडवताना डोकं खाजवलं असेल.

इथून पुढे मात्र दामाची उतरंड सुरू होते. अकबराच्या काळात 'दाम' म्हणजे चांदीचं नाणं राहिलंच नाही, ते तांब्याचं झालं. एका रुपयाला चाळीस दाम. दामाचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी, अर्थात एका रुपयाला ३२० दमड्या. ज्या द्राख्म्यावर अथेन्सचा गवंडी दिवस काढत होता, त्याची नात अशी 'दमडीची किंमत नाही' या बोलण्यात येऊन पोचली. भोंडल्याच्या गाण्यात तर दमडीच्या तेलात सगळ्या घरादाराचं न्हाणं उरकतं. कंजूष माणसाबद्दल आपण म्हणतो, चमडी जाईल पण दमडी जायची नाही. म्हणजे लीलावतीतला तो कवडीवाला अजून जिवंतच आहे म्हणायचा!

पण दामाने आपला मान थोडा राखलाही. 'दामदुप्पट' घ्या. व्याज मुद्दलापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, हा जुना नियम इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही मानला. कर्जाखाली दबलेल्या कुणब्याला त्या एका शब्दाचा आधार होता. आणि दामाची चुलत भावंडं अजून चलनात आहेत. ज्यांची मुलं दुबईला नोकरीला आहेत त्यांच्याकडे दिरहमांचा हिशेब चालतो, आर्मेनियाचं चलन 'द्राम' आहे. खुद्द ग्रीसने आधुनिक काळात १८३२ पासून द्राख्मा चालवला आणि युरो आल्यावर २००२ साली तो बाजारातून कायमचा काढून घेतला. म्हणजे जन्मगावी नाणं संपलं, आणि शब्द आमच्या मोंढ्यात अजून चालतो!

हे सगळं मी का लिहितोय? सांगतो.

आम्ही निजामाच्या मुलखातली माणसं. माझा जन्म १९५० चा, त्यामुळे निजामशाही मी पाहिली नाही, पण तिचं नाणं घरात ऐकत मोठा झालो. निजामाचा तो 'हाली सिक्का' आणि इंग्रजांचा, पुढे भारत सरकारचा तो 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार. आमची आजी भाजीवालीशी घासाघीस करताना "हाली का कलदार?" असं विचारायची, तेव्हा हाली बाजारातून गेला होता. पण तिच्या जिभेवरून गेला नव्हता. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा, १९५७ साली, नवे पैसे आले. मास्तर फळ्यावर आण्याचे पैसे करून दाखवत आणि घरी आजोबा सगळं उलट आण्यात करून समजून घेत. म्हणजे भडोचच्या बाजारात मिनँडरचे जुने द्राख्मे चालत होते, तसंच काहीसं आमच्या घरात चाललं होतं. फक्त आमच्याकडे नाणी नव्हती, नुसते शब्द होते.

आता ते शब्दही चालले. हाली, कलदार, चवली, पावली, अधेली, ढब्बू पैसा... माझ्या नातीला यातला 'ढब्बू' तेवढा माहीत आहे, तोही मिरचीमुळे!

आणि नाणीही जातात, ती अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वाडीवर नांगरटीत एक लहानसं मडकं निघालं, आत चांदीची बारकी नाणी. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नात्यातलंच घर. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. मुलीचं लग्न ठरलेलं, चांदी सोनाराच्या मुशीत गेली आणि तिची जोडवी झाली. मी त्यांना काही बोललो नाही. घरात लग्न असताना बापाने मडक्यातल्या चांदीचं दुसरं काय करायचं? पण त्या नाण्यांवर कोणाचा चेहरा होता, कोणती अक्षरं होती, हे आता जगात कोणालाही कधीच कळणार नाही. जोगळटेंभीचं मडकं १९०६ साली असंच मुशीत गेलं असतं तर? गौतमीपुत्र आणि नहपान यांची गाठ पडली होती, याचा नऊ हजारांहून जास्त नाण्यांचा पुरावा चांदीच्या एका लगडीत विरघळून गेला असता.

म्हणून मंडळी, एक विनंती. शेतात, पडक्या वाड्यात, जुन्या भिंतीत काही सापडलं तर ते चिंच नि राख लावून घासू नका. घासलं की आधी अक्षरंच जातात. जसं आहे तसं ठेवा, कुठे, किती खोल, कशात सापडलं ते वहीत लिहा, फोटो काढा. १८७८ पासूनचा कायदा आहे, दहा रुपयांवरच्या किमतीची गुप्त ठेव सापडली तर कलेक्टर कचेरीला कळवावं लागतं. लोक घाबरतात की सगळं जप्त होईल. पण सरकारने ठेव घेतली तर भरपाई देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तहसीलला जायची भीती वाटत असेल तर गावातल्या मास्तरांना सोबत न्या. निवृत्त असले तरी चालतील.

आणि नाणी नसतील त्यांनी शब्द जपावेत. आपल्या घरात आजी-आजोबा, मावशी, मोठी आई कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर त्यांना आजच विचारा, तुमच्या लहानपणी पैशाला काय काय म्हणत? कोणत्या नाण्यात काय यायचं? तांड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात जुन्या रुपयांची माळ असेल, तर त्या माळेतल्या नाण्यांना ती काय म्हणते तेही विचारा. जे सांगतील ते लिहून मला कळवा, कितीही किरकोळ वाटलं तरी. नाव आणि गावासकट एकत्र यादी करायचा माझा विचार आहे. पुण्याच्या ताईने चार शब्द आधीच पाठवले आहेत. उरलेल्यांची वाट पाहतो आहे.